उतारावर मांडलेली खुर्ची

मच्छिंद्र आणि गहिनीनाथ हे सख्खे भाऊ घट बसल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. बोलत नव्हते म्हणजे गप्प होते असं नाही. गप्प बसणं त्या घराण्याच्या रक्तातच नाही. ते म्हशीमार्फत बोलत होते.

सकाळी धारेच्या वेळेला थोरला मच्छिंद्र म्हशीच्या पाठीवर थाप मारायचा आणि गोठ्याच्या भिंतीपलीकडं दात घासत उभ्या असलेल्या धाकट्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "ऐक गं बाय, या घरात बापापासून लाल ट्रॅक्टर हाय. दसऱ्याला लालच येनार."

पलीकडून चूळ टाकल्याचा आवाज यायचा आणि मग उत्तर. "म्हशे, सांग त्याला, बापाच्या टायमाला एक ट्रॉली हुती. आता दोन हायेत. निळा साठ एचपीचा हाय, लाल पन्नासचा. गनित येतंय का म्हनावं?"

"एचपी काय चाटायचाय का, म्हशे? लालचा आवाज ऐक. आवाजातच दम हाय."

"आवाजावर ऊस जात आसता तर आपल्या दादालाच जुपला आसता, म्हशे."

म्हैस दोघांचं ऐकून घ्यायची आणि दूध कमी द्यायची.

इकडं ट्रॅक्टरचा रंग म्हणजे सोयरिकीसारखी गोष्ट. एकदा जुळली की तीन पिढ्या निस्तरायची. पोरीला स्थळ बघायला आलेली माणसं आधी विहीर बघतात, मग अंगणातल्या ट्रॅक्टरचा रंग, आणि सगळ्यात शेवटी नवरदेव. या घराकडं कारखान्याच्या ऊस वाहतुकीचं काम बापाच्या काळापासून होतं. जुना लाल ट्रॅक्टर मागच्या हंगामात पार थकला. आता कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत नवा पाहिजे होता, दोन भरलेल्या ट्रॉल्या एका दमात ओढणारा. आणि दोघं भाऊ हट्टाला पेटले होते की जमत नसेल तर दोघं दोन आणू. दोन ट्रॅक्टर म्हणजे दोन अंगणं, दोन चुली. धाकटी जाऊ माधुरी हिनं तर आपल्या सिंकचा नळ कोणत्या भिंतीतून काढायचा, तेही बघून ठेवलं होतं.

या सगळ्या धांदलीत एकच बाई शांत होती. मच्छिंद्रची बायको, विमलबाई. आणि जे तिला ओळखत होते त्यांना तिच्या शांतपणाचीच भीती वाटायची.

तिचं भांडण रंगाशी नव्हतंच. तिचं भांडण उताराशी होतं.

यांची जमीन कालव्याच्या पलीकडं, वस्ती अलीकडं. उसानं भरलेल्या ट्रॉल्या घेऊन रानाच्या बाजूनं कालव्याचा चढ चढायचा, पूल ओलांडायचा आणि अलीकडचा उतार उतरायचा. उतार नाकासमोर सरळ. खाली डाव्या हाताला वस्ती, आणि समोर कोल्हारकडं जाणारा नगर–मनमाड रोड. त्या रोडला शिर्डीच्या गाड्या कशा पळतात ते सांगायला नको.

मागच्या हंगामात तिचा पोरगा अमृत भरल्या ट्रॉल्या घेऊन तो उतार उतरत होता. ती रानातले जेवणाचे डबे घेऊन मडगार्डावर बसलेली. निम्म्या उतारावर मागच्या ट्रॉल्यांनी ट्रॅक्टरला ढकलायला सुरुवात केली. अमृत ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला, चाकं थांबली, तरी ट्रॅक्टर घसरतच चालला. शेवटी त्यानं तो मक्यात घातला. मागची ट्रॉली थांबली तेव्हा तिचा कोपरा रोडवर होता आणि एक ट्रॅव्हल्स हॉर्न देत त्याला चाटून गेली.

संध्याकाळी ओट्यावर ही गोष्ट कशी सांगितली गेली? "पोरानं काय वळवला! वाघ हाय वाघ!" चुलत्यानं पाठ थोपटली, बापानं मिशीवर हात फिरवला. विमलबाई आत भाकरी थापत होती. त्या दिवसापासून ती मडगार्डावर बसली नाही. कोणी विचारलं की म्हणायची, गुडघे दुखतात.

एकदाच तिनं नवऱ्याला म्हटलं होतं, "अवो, नवीन घेताना थांबायचं बघा. ब्रेकचं बघा."

"ब्रेक भित्र्याला लागतो," मच्छिंद्र म्हणाला. "ट्रॅक्टरचा दम बघायचा आसतो, दम!"

तेव्हापासून तिनं सांगणं सोडलं आणि कामाला लागली.

*

गहिनीनाथ गोठ्यामागं बिडी ओढत बसला होता. वहिनी शेणाची पाटी घेऊन आली आणि पाटी खाली न ठेवताच म्हणाली, "भाऊजी, खरं सांगू का? निळ्याला तोड न्हाई."

गहिनीनाथानं बिडी विझवली. दीर-भावजयीचं या घरात आधीपासून गूळपीठ. लग्न होऊन आली त्या वर्षी यानंच तिच्या माहेरच्या करंजीत तिखट भरलं होतं आणि पुढच्याच आठवड्यात तिनं याच्या चपला म्हशीच्या शिंगाला बांधल्या होत्या. पण नवऱ्याच्या विरोधात ती आजवर कधी गेली नव्हती.

"वहिनी, ताप आलाय का तुमाला?"

"ताप न्हाई, अक्कल आली. पन नुसतं म्हशीला सांगून काय व्हनार? रईवारी समद्या गावापुढं चढावर ओढून दावा. दोन ट्रॉल्या, मुरमानं भरून. ज्याचा दम निघंल तो निघंल."

"दादा तयार व्हईल?"

"त्यास्नी मी तयार करते. तुमी फकस्त माझं नाव घेऊ नका."

गहिनीनाथाला असा आनंद झाला की त्यानं विझवलेली बिडीच पुन्हा तोंडात घातली. थोरल्याची बायको फुटली! लढाई निम्मी जिंकलीच की.

त्याला काय माहीत, तासाभरापूर्वी हीच बाई नवऱ्याच्या चहात आलं किसून टाकत म्हणाली होती, "लालला तोड न्हाई, अवो. पन भाऊजींची खोड मोडायची तर रईवारी गावापुढं चढावर ओढून दावा. फकस्त माझं नाव घेऊ नका."

दोघांनीही आज्ञाधारकपणे तिचं नाव घेतलं नाही.

"आनि आपल्या ट्रॉल्यांचं कसं करायचं?" मच्छिंद्रनं विचारलं होतं.

"त्या राहात्याला न्हेल्यात बिभीषणानं, रंगवायला. दसऱ्याला नव्या ट्रॅक्टरमागं गंजक्या ट्रॉल्या बऱ्या दिसतील का? तुमी शेजारच्या घ्या. भाऊजी सासुरवाडीहून आनतील."

बिभीषण म्हणजे तिचा भाऊ. राहात्यात त्याचं गॅरेज. मच्छिंद्रला हा मेव्हणा कधीच आवडला नव्हता, कारण तो कमी बोलायचा आणि बिल बरोबर लावायचा. पण फुकट रंग म्हटल्यावर मच्छिंद्र विरघळला.

*

म्हातारी सासू रतनबाई मात्र फसली नाही. सून डोक्याला तेल घालायला बसली तेव्हा सासूनं डोळे मिटूनच विचारलं, "दोघांनाबी व्हय म्हनलीस ना?"

"म्हनले."

"मला कानानं कमी ऐकू येतं. नाकानं न्हाई. खरं कुनाला म्हनलीस?"

"कुनालाच न्हाई, आत्याबाई."

मग विमलबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली आणि मक्यातली गोष्ट पहिल्यांदाच जशी घडली तशी सांगितली. रोडवर आलेला ट्रॉलीचा कोपरा सांगितला. ट्रॅव्हल्सच्या काचेतून बघणाऱ्या एका बाईचा उघडा पडलेला जबडा सांगितला. ओट्यावर ती गोष्ट ऐकून आपणच नातवाची दृष्ट काढली होती, मीठमिरच्या ओवाळून, हसत हसत, एवढंच रतनबाईला आठवत राहिलं.

"मंजी माझा नातू वाचवला मक्यानं," ती शेवटी म्हणाली, "आनि शाबासकी खाल्ली या दोघांनी."

"आत्याबाई, मी रडून सांगितलं तर बाई भेली म्हनत्याल. त्यास्नी सोताला भ्या वाटाया पायजे. ते चढ चढून वर आले का तुमी फकस्त म्हना, आता खाली आना. बास. तुमी लिंबाखाली खुर्ची टाकून कडंला बसा."

"बसते की," रतनबाई म्हणाली. "बसायला मला काय हुतंय."

*

रविवारी कालव्याच्या भरावावर जत्रा लोटली. माणसं मोबाईल वर धरून उभी. दोन कंपन्यांची दोन पोरं दाखवायचे ट्रॅक्टर घेऊन इस्त्रीच्या शर्टात आली होती, दोघांच्या हातात एकसारखे कागद आणि तोंडात एकसारखी वाक्यं.

आधी लाल. मच्छिंद्र स्वतः बसला, डोक्याला नवा फेटा. शेजाऱ्याच्या दोन ट्रॉल्या मुरमानं शिगोशीग. ट्रॅक्टरनं खालून हुंकार दिला, काळा धूर सोडला आणि म्हातारा जिना चढावा तसा कण्हत, थांबेन थांबेन म्हणत, वर येऊन टेकला. शिट्ट्या झाल्या. मच्छिंद्रनं फेटा सारखा केला आणि पुलाच्या सपाटीवर, जिथून उतार सुरू होतो तिथं, ट्रॅक्टर लावून खाली बघण्याऐवजी माणसांकडं बघितलं.

मग निळा. हा मुळातच चपळ. गहिनीनाथानं निम्म्या चढापर्यंत असा आणला की लोकांना वाटलं झालंच. आणि तिथं त्याची पुढची चाकं जमिनीवरून उचलली.

"उचललं! नाक उचललं!" भरावावर एकच गलका. या भागात हा शेवटचा शब्द. ज्याचं नाक उचलतं तो खरा ट्रॅक्टर, बाकीची खेळणी. दोन गडी पळत गेले आणि पुढच्या बंपरवर जाऊन बसले, चाकं टेकली, परत उचलली, आणि बंपरवरच्या गड्यांना हवेत झुलवत गहिनीनाथ वर आला. लोकांनी पोरांसारख्या उड्या मारल्या.

माधुरीही मारणारच होती. नवरा जिंकत होता, नळाची भिंत जवळ येत होती. पण ती बाजूला उभी असल्यानं तिला भलतंच दिसलं. नवरा स्टेअरिंग गरागरा फिरवत होता आणि चाकं हवेतच वळत होती. ट्रॅक्टर जायचा तिकडंच जात होता, कालव्याच्या कडेनं.

"जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "चाकं वर आसल्यावर वळवायचं कसं?"

"वळवायचंच न्हाई, माधुरी. नुसतं कौतुक करून घ्यायचं."

माधुरी तिच्याकडं बघत राहिली. मग एक पाऊल सरकून तिच्या अंगाला लागून उभी राहिली. त्या बाजूला नवऱ्याचं कौतुक चालू होतं, तरी ती तिकडं गेली नाही.

आता पुलावर लाल आणि निळा शेजारी शेजारी उभे, मागं चार ट्रॉल्या मुरूम. कोण जिंकलं यावर गावात दोन तट पडले. इस्त्रीवाली पोरं एचपी ओरडून सांगायला लागली. तेवढ्यात मच्छिंद्रच्या खिशातला मोबाईल वाजला.

"आले का रं दोघंबी वर?" रतनबाईचा आवाज. तिला कमी ऐकू येत असल्यानं ती फोनवर सगळ्या जगाला ऐकू जाईल असं बोलायची.

"आलो गं आई! नारळ तयार ठेव!"

"ठेवलाय. मग आता या खाली. मी वाट बघतीय."

मच्छिंद्रनं खाली बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

उताराच्या पायथ्याशी, जिथं रस्ता वस्तीकडं वळतो त्याच्या बरोबर मधोमध, निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती. खुर्चीत हिरव्या लुगड्यातली रतनबाई. मांडीवर आरतीचं ताट. पाठीमागं तिच्या, रोडवरून एक कंटेनर धडधडत गेला.

लिंब तर तिकडं कडेला होता! विमलबाईशी हे ठरलं नव्हतं. म्हातारीनं स्वतः खुर्ची ओढत मधी नेली होती.

"माधुरी, पळ, त्यास्नी कडंला कर."

"मी सांगून आत्याबाई उठत्याल का? तुमी सांगून उठत न्हाईत त्या!"

मच्छिंद्रनं फोन कानाला लावला. "आई, कडंला हो."

"का?"

"आगं, मागं दोन ट्रॉल्या हायेत. भरल्यात."

"त्या तर दर साली आसत्यात. मागच्या साली माझा नातू ह्याच उतारानं आला, तवा तुमी वाघ म्हनला त्याला. आता दोन वाघ वर हायेत. या की."

"आई, चेष्टा करू नको."

"मी आरती घेऊन चेष्टा करीन का रं? ये. माझ्यापुढं उभा कर. मी बसल्या बसल्या कुंकू लावते."

मच्छिंद्रनं पाय ब्रेकवर ठेवला. इतकी वर्षं हा उतार उतरताना पोटात एक पोकळी व्हायची, तिला तो दम समजत आला होता. आता खाली खुर्ची होती, म्हणून पोकळीचं खरं नाव समोर आलं. मागच्या ट्रॉल्यांनी एकदा ढकललं की ब्रेक असून नसल्यासारखा, हे त्याला माहीत होतं. गेल्या साली अमृतच्या वेळेलाही माहीत होतं.

त्यानं मान वळवली आणि कितीतरी दिवसांनी, म्हशीशिवाय, धाकट्याशी बोलला.

"गहिन्या. तू हो पुढं."

"मी कसा दादा? तू थोरला हायेस."

"तुझा साठचा हाय."

"पन तुझ्या आवाजात दम हाय."

"आरं, तुझं नाक उचलतंय!"

"नाक उचलून आईच्या अंगावर जाऊ का?" गहिनीनाथ ओरडला. आधी गहिनीनाथानं किल्ली फिरवली. मग मच्छिंद्रनं. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर भरावावर इतकं शांत झालं की कालव्याच्या पाण्याचा आवाज यायला लागला.

कोणीतरी मागून खाकरलं, "नारळ वर आनावा लागतोय वाटतं."

लोक हसणार होते, पण त्याआधीच रानाच्या बाजूनं हॉर्न वाजला.

*

चढावरून तिसरा ट्रॅक्टर येत होता. लाल नव्हता, निळा नव्हता. करडा, राखेच्या रंगाचा. मागं दोन ट्रॉल्या, ताज्या रंगाच्या, यांच्याच घरच्या, मुरमानं तेवढ्याच भरलेल्या. ना धूर, ना कण्हणं. पुढचं नाक जमिनीला लावून, पान खात चालल्यासारखा तो निवांत वर आला. स्टेअरिंगवर अमृत, बाजूला मामा बिभीषण.

"ह्यो कुनाचा?" मच्छिंद्र ओरडला.

"बघायला आनलाय, दाजी," बिभीषण खाली उतरत म्हणाला. "आवडला तर तुमचा."

"एचपी किती?" गहिनीनाथानं पहिलाच प्रश्न केला.

"तुमच्या निळ्यापेक्षा कमी."

"मग आला कसा वर?"

बिभीषण कमी बोलणारा माणूस. पण आज बहिणीनं त्याला दम दिला होता की सगळं बोलायचं, मोठ्यानं बोलायचं. "भाऊ, एचपी पळायला लागतो. ओढायला इंजन हळू फिरत आसताना जोर लागतो, त्यो ह्याच्यात हाय. वजनाला ह्यो दोघांपेक्षा भारी, टायरात पानी भरलंय, मंजी चाक जमीन सोडत न्हाई. आनि तुमी ट्रॉली लावली त्या वरच्या हुकाला. वरनं ओढलं का नाक उचलनारच. त्यो दम न्हाई, ती लटकंती हाय. मी खालच्या हुकाला लावलीय."

"आमच्या गाड्या वाईट म्हणता का?" इस्त्रीवाला एक पोरगा चिडला.

"न्हाई भाऊ. चांगल्या हायेत. रोटाव्हेटर लावा, नांगर लावा, मीच घ्या म्हनीन. तुमच्या गाडीचं चुकलं न्हाई, यांनी काम चुकीचं दिलं." मग त्यानं ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला हात लावला. तिथून एक जाड नळी निघून पुढच्या ट्रॉलीला आणि तिथून मागच्या ट्रॉलीला गेली होती. "आनि हे बघा. ह्यानं ब्रेक दाबला का दोन्ही ट्रॉल्यांनाबी ब्रेक लागतो. मागचं पुढच्याला ढकलत न्हाई. तिघं संगं थांबत्यात."

मच्छिंद्रनं नळीकडं बघितलं, नव्या रंगाच्या ट्रॉल्यांकडं बघितलं आणि मग सावकाश बायकोकडं बघितलं.

"रंगवायला न्हेल्या हुत्या न्हवं?"

"रंगवल्याच की," विमलबाई म्हणाली. "रंग दिसत न्हाई का?"

गहिनीनाथाला सगळं एकदम कळलं. करंजीतलं तिखट, शिंगाला बांधलेल्या चपला, शेणाची पाटी, निळ्याला तोड न्हाई. त्यानं कपाळावर हात मारला आणि त्याला हसूच फुटलं. "वहिनी! तुमी मला फसवलं, ते ठीक. पन दादालाबी?"

"तुमाला येकट्यालाच फसवलं आसतं तर तुमाला वाईट वाटलं आसतं, भाऊजी."

पण तिचं लक्ष खाली होतं. अमृतनं फोन लावला होता.

"आजी, कडंला सरक."

"तू ये रं बाळा."

"आगं सरक, मग येतो."

"मी तुझ्या आज्याशेजारी लग्नाच्या पाटावरबी इतकी निवांत बसले न्हवते. उठायचं जिवावर आलंय. ये."

अमृतनं फोन खाली केला. राहात्याच्या माळावर त्यानं मामासोबत ह्याच ट्रॉल्या भरून चढउतार करून बघितला होता, पहाटे पहाटे, पुन्हा पुन्हा. पण तिथं पायथ्याला आजी नव्हती. तो आईकडं बघायला लागला.

विमलबाईला एका क्षणात तीन गोष्टी करता आल्या असत्या. नको म्हणता आलं असतं. पळत जाऊन खुर्ची ओढता आली असती. तिनं तिसरीच केली. पदर कमरेला खोचला, पायरीवर पाय ठेवला आणि मडगार्डावर जाऊन बसली.

"आगं, तुझे गुडघे!" मच्छिंद्र म्हणाला.

"बरे झाले. चल रं अमृत."

*

गाव बघत होतं. अमृतनं खालचा गिअर टाकला. ट्रॅक्टरचं नाक उताराकडं झुकलं, मागून पहिली ट्रॉली झुकली, मग दुसरी. विमलबाईनं हातानं मडगार्डाची कड घट्ट धरली. आता, ती मनात म्हणाली. आता ढकलतील. तिच्या पाठीच्या मणक्याला तो धक्का पाठ होता.

धक्का आला नाही. इंजिनानंच भार धरून ठेवला होता. गुरगुरत, एकेक फूट.

निम्म्या उतारावर, गेल्या साली जिथून मक्यात वळला होता नेमक्या त्या जागी, अमृतनं ब्रेक दाबला. मागून फुस्स आवाज आला, एक, लगेच दुसरा. आणि सगळं जागच्या जागी उभं राहिलं. भर उतारावर. मुरमाचा खडासुद्धा घरंगळला नाही.

अमृतनं दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढले आणि डोक्यावर धरले.

भरावावरून जो आवाज उठला तो शिट्टीचा नव्हता, टाळीचाही नव्हता. शे-दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला तर जसा होईल तसा होता. मग शिट्ट्या आल्या. गहिनीनाथ तर पुलाच्या कठड्यावर चढून फेटा फिरवत होता. तो फेटा मच्छिंद्रचा होता.

अमृतनं परत ब्रेक सोडला. खाली आला. खुर्चीपुढं असा थांबला की रतनबाईनं बसल्या जागेवरून हात लांब केला आणि बॉनेटला कुंकू लावलं. मग नातवाला. मग सून खाली उतरली तशी तिच्या कपाळाला एवढं मोठं लावलं की नाकावर सांडलं.

"आत्याबाई, लिंबाखाली बसायचं ठरलं हुतं!" विमलबाईचा आवाज फुटला. "काय कमीजास्त झालं आसतं तर?"

"तुला ठाव हुतं थांबंल म्हनून," रतनबाई म्हणाली. "मला तुझं ठाव हुतं. लिंबाखाली बसून दोन्ही पोरांला कळलं आसतं का काय?"

तोवर दोघं भाऊ उतारावरून धावत आले. दोघंही धापा टाकत होते आणि दोघांनाही आधी बोलायचं होतं. मच्छिंद्र आईच्या पायाशी बसला, पण बोलला बायकोशी.

"मक्यात घातला त्या दिवशी... तू सांगितलं हुतं मला. ब्रेकचं."

"व्हय."

"मग आज गावापुढं माझी अशी जिरवायची हुती?"

"तुमची कुठं जिरवली? तुमी तर शहान्यावानी किल्ली काढली. गावानं बघितलं, आईपुढं दोघं भाऊ शहाने झाले. मला तर आभिमान वाटला."

मच्छिंद्रला हे कौतुक आहे की टोमणा, कळेना. त्यानं सोयीनं कौतुक धरलं.

"रंग कोनता म्हनायचा ह्याचा?" त्यानं विचारलं.

"भस्माचा," गहिनीनाथ म्हणाला. "तू मच्छिंद्रनाथ, मी गहिनीनाथ. आपल्याला लाल-निळ्याचं काय पडलंय, दादा?"

"आधी न्हाई सुचलं तुला?"

"म्हशीपुढं सुचत न्हाई काही."

रतनबाईनं नारळ मच्छिंद्रच्या हातात दिला आणि मच्छिंद्रचा हात गहिनीनाथाच्या हातात. दोघांनी मिळून फोडला. पाणी नेमकं इस्त्रीच्या दोन्ही शर्टांवर उडालं. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, असं सगळ्यांनी शपथेवर सांगितलं.

वर अडकलेल्या चार ट्रॉल्या त्या ट्रॅक्टरांच्या मागं खाली आणायच्या नाहीत, हे ठरवायला आता कोणाला मीटिंग लागली नाही. मुरूम तिथंच उपसला, कालव्याच्या रस्त्यावरचे खड्डे बुजले, आणि रिकाम्या ट्रॉल्या घेऊन लाल-निळे निमूट खाली आले. पाटबंधारेवाल्यांना जे इतक्या पावसाळ्यांत जमलं नव्हतं ते एका भाऊबंदकीत झालं.

मग खरी जत्रा सुरू झाली. गहिनीनाथाला एकदा उतरवून बघायचं होतं. मच्छिंद्र थोरला, म्हणून आधी त्याचा नंबर. मच्छिंद्र उतरला, थांबला, आणि लहान पोरासारखा ओरडला, "थांबतोय रं गहिन्या! खरंच थांबतोय!" मग गहिनीनाथ. मग परत मच्छिंद्र, कारण पहिल्या वेळेला म्हणे त्याला नीट समजलं नव्हतं. शेवटी रतनबाईनं काठी आपटली. मलाही न्या म्हणाली. तिला दोघांनी उचलून मडगार्डावर बसवलं, कमरेला फेटा बांधला, आणि तिच्यासकट सगळं लटांबर परत वर गेलं.

खाली रस्त्यावर दोघी जावा राहिल्या. खुर्ची कोणीतरी कडेला नेली होती. खुर्ची होती त्या जागी, रस्त्याच्या मधोमध, विमलबाई उताराकडं पाठ करून उभी होती.

"जाऊबाई, दसऱ्याचं पुरन किती घालायचं?" माधुरीनं विचारलं.

"तुझ्या चुलीवर तू घाल, माझ्या चुलीवर मी. नळाची भित ठरलीय न्हवं तुझी?"

माधुरी लाजली. "भित तशीच राहू द्या. डाळ येकाच पातेल्यात शिजू द्या. फकस्त कोनता गूळ घालायचा ते मी सांगनार."

"कोल्हारचाच घालायचा."

"न्हाई, माझ्या माहेरचा."

"तुझ्या माहेरचा गूळ मंजी नुसता चुना गं!"

माधुरी बोलता बोलता थांबली. विमलबाईच्या खांद्यावरून तिला उतार दिसत होता. करडा ट्रॅक्टर निघाला होता, मागं दोन भरल्या ट्रॉल्या, वर सासू हात हलवतेय, आणि दोघं भाऊ एकाच सीटवर दाटून बसलेत. सरळ यांच्याच अंगावर.

"जाऊबाई, आले..."

"येऊ दे. तुझ्या माहेरच्या गुळाचं सांग आधी. गेल्या खेपंला पुरन काळं पडलं का न्हाई?"

पाठीमागं फुस्स झालं. मग परत फुस्स. इंजिनाची गरम हवा विमलबाईच्या पदराला लागली आणि पदर हलला. हॉर्न वाजला.

"वाजवू नका!" विमलबाई म्हणाली. "बोलतीय न्हवं मी!"

आणि तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.